धुतलेली अंडी

ज्या दिवशी मी ती अंडी धुतली, त्या दिवशी चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. ही सबब नाही. पाणी आलं नसतं तर मी ती नुसत्या फडक्यानं पुसली असती, आणि पुढचं बरंचसं वेगळं झालं असतं, एवढंच.

मी तेव्हा कुंभारीला ताईकडे राहत होते. ताई सोलापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स आणि दाजी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघंही डबे घेऊन सकाळीच बाहेर पडायचे. घरात उरायचो मी आणि त्यांच्या दोन मुली, मोठी नऊ वर्षांची आणि धाकटी सहाची. दिवाळीनंतर दोघींची शाळा सुटली होती आणि मी त्यांना घरी शिकवत होते. ताई त्याला होमस्कूलिंग म्हणायची. तिनं फोनवर त्याबद्दल खूप वाचलं होतं. दाजी त्याला सुट्टी म्हणायचे.

कारण मोठी होती. तिनं शाळेत बोलणं बंद केलं होतं. घरी बोलायची, मोजकं. पण शाळेच्या गाडीत चढली की परत उतरेपर्यंत एक शब्द नाही. टॉयलेटला जाऊ का, हे वर्गात इंग्रजीत उभं राहून विचारावं लागायचं, म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. भरून दिलेली बाटली भरलेलीच परत यायची. शेवटी लघवीला त्रास सुरू झाला, ताप आला, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सगळं बाहेर आलं. ताई तिथंच रडली. मला रडू आलं नाही. मी त्याच शहरातल्या तशाच एका शाळेत दहा वर्षं हेच केलं होतं. मला कधी ताप आला नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मोठी घरी राहिल्यावर धाकटीनंही दप्तर कोपऱ्यात टाकलं. तिला शाळेचा काहीच त्रास नव्हता. तिला कशाचाच त्रास नसायचा.

"एप्रिल संपेपर्यंत बघू," दाजी म्हणाले होते. "पोरगी जरा मोकळी झाली, काही शिकलेली दिसली, तर ठीक. नाहीतर हॉस्टेलची शाळा. चार पोरींत राहिली की आपोआप तोंड उघडेल." ते वाईट मनानं म्हणत नव्हते. ते स्वतः वसतिगृहात राहून शिकले होते आणि अजूनही जेवताना ताटाभोवती हात धरून बसायचे, कुणी उचलून नेईल असे. हॉस्टेलचा फॉर्म त्यांनी आणून ठेवला होता. तो फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली लटकत होता. पाणी प्यायला दार उघडलं की तो फडफडायचा. मोठीही दिवसातून दहा वेळा ते दार उघडायची, पण त्याच्याकडे कधी बघायची नाही.

मला शिकवता येत नव्हतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलं होतं, चार ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या आणि चारही ठिकाणी प्रश्न संपायच्या आधी माझा आवाज संपला होता. त्यानंतर घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं, तेव्हा ताईनं मला बोलावून घेतलं. तिलाही गरज होती, मलाही. मी नेटवरून काढलेल्या वर्कशीट द्यायचे, मोठी त्या न बोलता सोडवायची, धाकटी त्यांच्या होड्या करायची. दुपारी डोकं दुखायचं. पत्रा तापायला लागला की तिघी फरशीवर आडव्या व्हायचो, आणि मला वाटायचं, आणखी किती दिवस.

कोंबड्यांची कल्पना ताईचीच. तिनं एक लेख पाठवला होता. त्यात हिरवळीवरचं पांढरं लाकडी खुराडं होतं आणि रबरी बूट घातलेली मुलं. कोंबड्या पाळून मुलं गणित शिकतात, जीवशास्त्र शिकतात, जबाबदारी शिकतात, असं लिहिलं होतं. आमच्या घरामागे उरलेल्या विटांचा ढीग होता, पाण्याची काळी टाकी होती आणि वेडी बाभूळ. पण भिंतीपलीकडे राहणाऱ्या आजींकडे कोंबड्या होत्या. त्यांना मी रोज पाहायचे, बोलले कधीच नव्हते. दोन दिवस वाक्य जुळवलं आणि गेले.

"आजी, मुलींना शिकवायला एक कोंबडी हवी होती."

त्या निवडत असलेल्या ज्वारीवरून मान वर न काढता म्हणाल्या, "कोंबडीला शिकवाय लागतं व्हय?"

"नाही, म्हणजे कोंबडीकडून शिकायचंय."

"मग लई मास्तर हायती की माझ्याकडं. ने कुटलाबी."

धाकटी खिदळली. मोठी माझ्या मागे उभी होती, ओढणीचं टोक धरून. माझ्या ओढणीचं.

त्यांची एक तांबडी कोंबडी तेव्हाच खुडूक झाली होती. म्हणजे अंडी देणं थांबवून नुसती बसून राहायची, जवळ गेलं की फुगायची आणि चोच मारायची. तिच्याखाली अंडी ठेवली की ती एकवीस दिवस उबवणार होती. मी किंमत विचारली तर आजींना राग आला.

"इकत न्हाय देत मी. अर्धलीनं ने. कोंबडी माजी, अंडी माजी, राबायचं तुमी. निगतील त्यातली निम्मी पिल्लं मला."

त्यांनी अकरा अंडी टोपलीत घालून दिली. "आज सांजच्याला बसवू. मी येती. तवर सावलीत ठेव, न् लई हात लावू नगं."

अंड्यांना माती, पिसं आणि विष्ठा लागलेली होती. मुली ती हातात घेणार, मग तेच हात तोंडात जाणार. मला कवचावर बसलेल्या सगळ्या जीवाणूंची नावं पाठ होती. नळाला पाणी आलं होतं, बादल्या भरून झाल्या होत्या. मी भांड्यांचा साबण घेतला, मऊ घासणी घेतली आणि अकराच्या अकरा अंडी एकेक करून घासून धुतली. खूप दिवसांनी काहीतरी नीट करतेय असं वाटलं. वळले तर मोठी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"जंतू असतात ना," मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

मग आम्ही पेन्सिलनं अंड्यांवर एक ते अकरा आकडे घातले. संध्याकाळी आजी तांबडीला काखेत घेऊन मागच्या दारी आल्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलेलं, त्यात अंधारून आलेलं. त्यांनी अंड्यांकडे फार पाहिलं नाही. पाटीत राख आणि भुसकट पसरलं, अंडी मांडली, बाजूला एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला.

"हे कशाला?" धाकटी.

"ईज कडाडली तर अंडी नासत्यात. खिळा आसला म्हंजी न्हाय नासत."

मी मुलींना नंतर सांगणार होते की याला शास्त्रीय आधार नाही. आजींसमोर बोलले नाही. नंतर राहूनच गेलं.

मोठीला मी एक वही दिली. रोज काय दिसलं ते लिहायचं, मराठीत लिहिलं तरी चालेल. ही वही मी दाजींना दाखवणार होते, सगळा भरवसा तिच्यावरच होता. मी ती तपासत नव्हते. तपासणार नाही असं मी तिला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर दिवस संपता संपता वही उघडायचं त्राणही नसायचं.

सातव्या दिवशी आम्ही अंडी उजेडात धरून पाहिली. बाथरूमचं दार लावून, खिडकीला चादर लावून, मोबाइलचा टॉर्च पुठ्ठ्याच्या नळीतून अंड्यावर धरायचा. आत जीव वाढत असेल तर लाल शिरा दिसतात, असं मी वाचलं होतं. एक नंबर धरलं.

"यात तर नुसतं अंडं आहे," धाकटी म्हणाली.

"नीट बघ. शिरा आहेत."

"कुठं?"

"त्या काय. बारीक."

चार नंबरात मात्र स्वच्छ दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, मधे एक ठिपका. नऊमध्येही. बाकीच्या नवांत मला पिवळसर गढूळपणाशिवाय काही दिसलं नाही, पण इतके महिने मी काय शिकवलं याचा हिशोब तिथं उकडत्या बाथरूममध्ये मांडला जात होता, आणि मी प्रत्येक अंड्याला म्हटलं, आहेत, आहेत शिरा. धाकटीलाही मग दिसायला लागल्या. मोठी टॉर्च धरून उभी होती. तिचा हात अजिबात हलत नव्हता.

तांबडी दिवसातून एकदा उठायची, पाणी प्यायची, दाणे टिपायची, धुळीत अंग घासायची आणि पंधरा मिनिटांत परत. ती उठली की मोठी टाकीपाशी बसून राहायची. मी खिडकीतून पाहायचे. ती कोंबडीशी बोलत असावी असं वाटायचं, ओठ हलायचे. मला फार बरं वाटायचं. मी ताईला मेसेज करायचे, आज बराच वेळ बोलली.

एकविसावा दिवस रविवार होता. दाजींची सुट्टी. चहाचा कप घेऊन तेही मागच्या दारी आले, उकिडवे बसले. ताई दोन्ही हात पदरात धरून. धाकटी पाटीपाशी पालथी, कान लावून.

"काही ऐकू येतंय का?" दाजींनी तिला विचारलं.

"कोंबडीच्या पोटातलं येतंय."

दुपार झाली. काही झालं नाही. दाजी आत जाऊन पेपर वाचून आले, झोपून आले. सहाच्या सुमारास त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "तू केलंस तेवढं पुष्कळ आहे."

त्यांनी रागावायला हवं होतं. ते आत गेले, फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि जेवणाच्या टेबलावर बसून भरायला लागले. जन्मतारीख त्यांना आठवेना, त्यांनी ताईला विचारली. मोठी बाजूच्या खुर्चीवर बसून पाय हलवत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं तिला काही सांगायचंय. मी काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दाजी बूट घालत असताना धाकटी ओरडत आली. "फुटलं! चार फुटलं!"

आम्ही धावलो. तांबडीच्या पंखाखालून एक ओलं, चिकटलेल्या केसांचं काहीतरी डोकावत होतं आणि त्याच्या मानानं फार मोठ्यानं ओरडत होतं. नऊ नंबरच्या कवचाला तडा गेला होता. दाजी एका पायात बूट घालून बसले ते नऊ नंबर पूर्ण बाहेर येईपर्यंत उठले नाहीत. कारखान्यात फोन करून उशीर होईल म्हणाले. मी तेवढ्यात त्यांना समजावूनही सांगितलं, की एक दिवस मागेपुढे होतं, तापमानावर असतं. माझा आवाज नीट निघत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला दमल्यासारखं वाटत नव्हतं.

आवाज ऐकून आजी आल्या. भिंतीला धरून वाकून पाहिलं.

"कितवं गं?"

"चार आणि नऊ," धाकटी म्हणाली.

"आगं मग ती माझ्या पांढऱ्या कोंबडीची." त्या हसायला लागल्या. "बाकीची कशाला फुटत्यात? ह्या शिकल्याल्या बाईनं साबन लावून धुतल्याली. अंड्याच्या अंगावरची साय काढल्यावर आत काय ऱ्हातंय? नासली आसतील समदी."

मला काही कळेना. दाजींनाही.

"पोरीनं सांगितलं न्हाय व्हय तुला?" आजी मला म्हणाल्या. "दुसऱ्याच दिशी आली हुती की माझ्याकडं. आजी, अंडी धुतली तर चालतं का? म्हनलं, न्हाय बाय. तर म्हनली, मग मला दोन द्या, न धुतल्याली. मुकी मुकी म्हनता तिला, माझ्यासंगं तर लई बोलती. टाकीमागं बसून वटवट नुसती."

मोठी दारात उभी होती. मी अंडी धुताना उभी होती तशीच.

वही दाजींनीच मागितली. ती घेऊन आली, त्यांच्या हातात दिली आणि आत गेली. त्यांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, मग विटांवर बसले. नंतर मीही वाचली. अक्षर सुटं, ओळी छोट्या.

"मावशीने अंडी साबणाने धुतली. कोंबडीला वास आवडला नाही."

"आजी म्हणाल्या धुतलेली अंडी फुटत नाहीत. मी दोन नवी अंडी आणली. चार आणि नऊ काढली. नव्या अंड्यांवर मावशीसारखे आकडे घातले. जुनी अंडी टाकीजवळ पुरली."

"जास्त आणली असती तर मावशीला कळलं असतं."

"आज टॉर्चने बघितलं. मावशीला सगळ्यांत शिरा दिसल्या. मला दोनमध्ये दिसल्या."

"मावशीला सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल. ती दुपारी झोपेत दात खाते."

दाजी बराच वेळ वही बंद करेनात. "हे हिनं लिहिलं?" ते म्हणाले, आणि मग टेबलावरचा फॉर्म घेऊन त्याची चौघडी करून खिशात घातला. "राहू दे. शिकतेय की पोरगी. अजून एक वर्ष राहू दे घरी." ताईनं मला मिठी मारली. आजींनी वाटणी केली, ही दोन अंडी ठरलेल्या अर्धलीबाहेरची, म्हणजे दोन्ही पिल्लं त्यांचीच व्हायला हवी होती, पण म्हणाल्या, "एक ऱ्हाऊ दे हितं. पोरीची मजुरी." नऊ नंबर त्यांचं ठरलं, चार आमचं.

म्हणजे आम्ही जिंकलो होतो.

दुपारी धाकटी झोपल्यावर मी मोठीपाशी बसले. ती उरलेली नऊ अंडी खड्ड्यात ठेवत होती, एकेक, फुटू नयेत अशी. एक फुटलंच. वास आला, आम्ही दोघींनी नाकं धरली.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

तिनं माती ओढली. मग म्हणाली, "तू पण नाही सांगत."

"काय?"

"काहीच. कुणालाच."

तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. आपल्या दोघींची एक सवय सांगावी तसं म्हटलं होतं.

बावीस दिवस ती एकाच टेबलावर माझ्यासमोर बसली होती. माझी चूक तिला ठाऊक होती, ती दुरुस्त करायचा उपाय ठाऊक होता, तो पुरता करता येत नव्हता हेही ठाऊक होतं. माझा चेहरा पडू नये म्हणून दोनच अंडी आणली होती. रविवारी तिचा फॉर्म भरला जात असताना ती पाय हलवत बसली होती आणि मंगळवारी बदललेली अंडी सोमवारआधी फुटणार नाहीत हे आम्हा सगळ्यांत फक्त तिला माहीत होतं. शाळेत ती सात तास पाणी प्यायची नाही. इथंही ती तेच करत होती. इथं फक्त कुणी ओरडत नव्हतं. आणि शिकवायला मी होते, जिला या कामाचा दहा वर्षांचा अनुभव होता.

आजींशी मात्र ती बोलली होती. आजींना वाईट वाटेल का, याची तिला काळजी नव्हती. आजी कुणालाही काहीही म्हणायच्या आणि त्यांना कुणी काही म्हटलं तर हसायच्या.

संध्याकाळी दाजी हातपाय धूत होते. मी न्हाणीच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. वाक्य जुळवलेलं नव्हतं.

"दाजी, हॉस्टेल नकोच. पण माझ्याकडेही नको."

"म्हणजे?"

"गावातली शाळा. आजींची नात जाते ती. चालत जाता येतं."

"झेडपीची?" त्यांनी नळ बंद केला. "इंग्लिश मीडियममधून काढून झेडपीत? लोक काय म्हणतील? आणि सकाळीच तर म्हटलं ना, राहू दे तुझ्याकडे. चांगलं शिकवतेस की."

"मी नाही शिकवलं. तिथं तिला टॉयलेटला जाऊ का हे मराठीत विचारता येईल."

ते टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याशी एका वेळी इतकी वाक्यं कधी बोलले नव्हते. मोठी आतल्या खोलीत ऐकत होती हे मला माहीत होतं. म्हणूनच मी जरा मोठ्यानं बोलत होते.

"मग तू काय करणार?" त्यांनी विचारलं.

"अजून माहीत नाही," मी म्हटलं.

दोन दिवस ताई माझ्याशी नीट बोलली नाही. मग तिनंच मोठीला विचारलं, आणि मोठी म्हणाली, जाईन. धाकटी अर्थातच, मी पण.

जूनमध्ये दोघी आजींच्या नातीबरोबर जायला लागल्या. मी अजून कुंभारीतच होते. चार नंबर एव्हाना खुराड्यावर उडी मारायला शिकलं होतं आणि त्याचा कोंबडा होणार हे तुऱ्यावरून दिसायला लागलं होतं. दुपारी घर इतकं शांत असायचं की मला झोप लागायची नाही. संध्याकाळी मुली आल्या की मी आधी मोठीची बाटली हातात घ्यायचे. पहिला आठवडा ती भरलेलीच आली, जड. मी काही बोलले नाही, आणि मग स्वतःचाच राग येऊन चौथ्या दिवशी विचारलं, "पाणी का नाही प्यायलीस?"

"विसरले," ती म्हणाली. खोटं होतं. दोघींनाही ते कळलं.

पुढच्या आठवड्यात एका बुधवारी बाटली हलकी लागली. मी ती उजेडात धरून पाहिली. निम्म्याच्या खाली होती. धाकटीनं सांगितलं, मोठी आज बाईंना म्हणाली, जाऊ का. दोनदा म्हणाली, कारण बाईंना पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

उरलेलं पाणी मी चार नंबरच्या वाटीत ओतलं.